काचेपलीकडचे दोघं

"शिंपी, उठा! तुम्हाला निवडलंय."

मावशीचा आवाज आला आणि बसायची खोली एकदम चिडीचूप झाली. मावशी म्हणजे बालघराचं यंत्र. चार हात, खाली एक चाक, पण जीभ मात्र अस्सल मावशीची.

शिंपी उठलाच नाही. त्याने शेजारच्या खुर्चीतल्या हवावालीकडे पाहिलं. "मला म्हणाली?"

"नाही, मला," हवावाली म्हणाली. "दाढी कधी वाढवली तेवढं फक्त आठवत नाहीये. अहो, उठा!"

वसाहतीच्या भिंतींबाहेर श्वास घ्यायला हवाच नव्हती. बाहेर जाणाऱ्यांचे पोशाख शिंपी शिवायचा आणि आतल्यांसाठी हवेच्या नळ्या हवावाली साफ करायची. दोघांचीही घरं रिकामी होती, म्हणून दोघं दर आठवड्याला इथे येऊन बसायचे. कारण इथे मोठ्यांनी मूल निवडायचं नसे. मोठ्यांनी नुसतं बसायचं आणि मुलांनी पलीकडून बघून आपलं घर निवडायचं. भिंतभर आरसा होता. मुलांच्या बाजूने तो आरसा नव्हता, नुसती काच होती.

मग काय, आरशासमोर सगळे नुसते गोड गोड! कोणी गोष्टी वाचतंय, कोणी खुळखुळा वाजवतंय, कोणी गाल दुखेपर्यंत हसतंय. या दोघांनीही सुरुवातीला हे सगळं करून पाहिलं होतं. कोणी निवडलं नाही. मग कंटाळून त्यांनी नाटक सोडलं आणि ते भांडायला लागले. खुर्चीवरून, घोरण्यावरून, डब्यातला शेवटचा घास कोणाचा यावरून.

उरलेले दिवस हवावाली नळ्यांमध्ये एकटी सरपटायची आणि पुढच्या वेळी शिंप्याला काय टोमणा मारायचा ते मोठ्याने बोलून बघायची. नळीत बोललेलं घुमून घुमून आपल्यालाच परत ऐकू येतं.

आता शिंपी येणार नव्हता. ज्याची निवड झाली त्याचं इथे काय काम? तिला आनंद झाला होता, अगदी खरंच झाला होता. पण नळीत बोळा अडकावा तसा तो कुठेतरी अडकून बसला होता.

मावशीच्या मागून सात-आठ वर्षांची एक मुलगी आली. हातात कपड्यांचं गाठोडं, कपाळावर आठी.

"ही आमची वकीलसाहेब," मावशी म्हणाली. "वाद घालू नका, हराल."

वकीलसाहेबांनी गाठोडं शिंप्याकडे दिलं. एका हाताने त्याचं बोट धरलं, दुसऱ्या हाताने हवावालीची बाही धरली आणि दोघांना ओढलं. "चला घरी."

"अगं, मी नाही," हवावाली म्हणाली. "हे एकटेच."

"एकटे कसे? मी तुमचं घर निवडलंय."

"आमचं असं घर नाहीये, बाळा. ह्यांचं वेगळं, माझं वेगळं. आम्ही इथेच भेटतो फक्त."

मुलीने गर्रकन मावशीकडे पाहिलं. "म्हणजे हे एका घरातले नाहीत?"

"नाहीत. तू विचारलंस कुठे?"

"त्यात विचारायचं काय? बाकीचे सगळे आमच्याकडे बघत होते. हे दोघंच एकमेकांकडे बघत होते."

शिंप्याचे कान लालबुंद झाले.

"मग मला परत विचार करायला हवा," मुलगी म्हणाली आणि तिने त्याचं बोट सोडलं.

शिंप्याचा हात तसाच पुढे राहिला. हवावालीला तो हात बघवेना. 'आमचं घर एकच आहे' एवढी छोटीशी थाप मारली असती तर मुलगी थांबली असती. पण मारायची कशी? नळीत ती थाप तिने इतक्यांदा मोठ्याने बोलून पाहिली होती की आता ती थाप वाटतच नव्हती.

ती मुलीसमोर खाली बसली. "हे बघ, ह्यांचं घर मी पाहिलं नाही. पण ह्यांनी घातलेला टाका आजवर कधी उसवलेला नाही. डब्यातला शेवटचा घास मलाच देतात, वर भांडूनही देतात. तू जा ह्यांच्याबरोबर." तिने मुलीचा हात उचलून शिंप्याच्या हातात ठेवला.

मुलीने तो हात धरला. "बरं," ती म्हणाली.

बाहेर जायची वाट एकच होती, म्हणून तिघं एकत्र निघाले. आज भांडायलाही काही सुचेना. चालता चालता बोगद्यांचा चौक आला.

"माझं डावीकडे," शिंपी म्हणाला.

"माझं उजवीकडे. बरं मग."

दोन्हीकडच्या दारांवर पिवळा दिवा लागला. हवा राखायला चौकातली दारं मधून मधून बंद होत, आणि जो चौकात राहील तो दारं पुन्हा उघडेपर्यंत चौकातच. हे हवावालीइतकं कोणाला ठाऊक असणार!

"अहो, दार लागेल," ती म्हणाली. "पोरीला घेऊन निघा."

"तुम्ही निघा आधी."

"तुम्ही आधी."

"तुमचं दार लांब आहे."

"माझ्या दाराचं मला सांगू नका!"

मुलगी एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती. तिच्या कपाळावरची आठी गेली होती.

दिवे लाल झाले. शिंप्याने गाठोडं खाली ठेवलं. दोन्ही दारं सावकाश सरकत आली आणि बंद झाली.