चाकावरचं कुंकू

मैदागिन चौकाच्या वळणावर मागचं चाक सर्रकन सरकलं. देवव्रतनं पाय टेकून मोटरसायकल कशीबशी सावरली. मागे बसलेल्या त्याच्या बायकोच्या, वैदेहीच्या, तोंडून "गौरीमाते!" एवढंच निघालं.

"कमालच झाली," तो म्हणाला. "जुने गुळगुळीत झाले म्हणून तुझ्या हट्टापायी कालच नवे टायर घातले. हे तर त्यांच्यावर कडी करतायत!"

वैदेहीनं त्याचा खांदा घट्ट धरला. मागल्याच आठवड्यात तो गाडीवरून पडला होता. आता तिला बहिणीकडे सोडून तो एकटा पुलावरून, ट्रकांच्या गर्दीतून, रेल्वेच्या ऑफिसात जाणार होता.

शेजारी ई-रिक्शावाला थांबला. चाकाकडे बघून हसला. "का गुरु, टायर की माँग भर दिए हो का?"

देवव्रतनं वाकून पाहिलं. चाकभर लाल फराटे. बोट लावलं तर तेलकट.

"हे काय गं?"

"तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा लावलं." तिचा आवाज जेमतेम ऐकू येत होता. "पाण्यात कालवलेलं कुंकू नव्या रबरावर धरेचना. म्हणून समईतलं तेल घातलं थोडं."

"चाकाला तेल? धन्य आहेस!" त्यानं सीटखालचं फडकं काढलं. "घे, पुसून टाक."

"असं बोलू नये हो. मंगला गौरीच्या देवळातलं कुंकू आहे. तुमच्या नावानं लावलंय, तेही मंगळवारी. माझ्या हातानं कसं पुसू?"

"मग असाच जाऊ पुलावर?"

तो स्वतःच वाकायला लागला, तसं तिनं फडकं ओढून घेतलं. रस्त्याकडेची कोरडी माती मुठीत घेऊन ती चाकाशी बसली. माती चोळायची, पुसायचं. मागचं झालं, मग पुढचं. ओठ सारखे पुटपुटत होते. हात मात्र थांबला नाही.

"इथेच उभी राहा. चक्कर मारून बघतो."

तो वळणाआड गेला. पलीकडे कुणीतरी करकचून ब्रेक मारला. वैदेही वळणाकडे धावली.

मग मोटरसायकल दिसली. तिच्यापुढे येऊन त्यानं मुद्दाम जोरात ब्रेक दाबला. चाक जागच्या जागी थांबलं.

"आता धरतंय. बस."

वैदेही बसली नाही. मातीनं माखलेला हात आधी कपाळाकडे गेला. तिथलं कुंकू आहे ना, ते तिनं चाचपून पाहिलं.