समान तुकडे

"मोजा ना मॅडम, एक जरी जास्त निघाली तर सांगा," शेवंता म्हणाली.

समुपदेशक बाईंनी एचआयव्हीच्या गोळ्यांची बाटली टेबलावर रिकामी केली. उरलेल्या गोळ्या दिवसांच्या हिशेबानं बरोबर होत्या. रक्ताच्या अहवालात मात्र सहा महिन्यांत विषाणू कितीतरी पटींनी वाढला होता.

"खरं सांगा. रोजची गोळी तुम्हीच घेता?"

शेवंतानं दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "अर्धी मी, अर्धी मालक. ते नाव नोंदवायला येत नाहीत. अडकित्त्यानं कापते, अगदी समान तुकडे."

"अहो, अर्ध्या गोळीनं विषाणू आटोक्यात येत नाही, उलट औषधाला सरावतो. आता ही गोळी दोघांनाही लागू पडेल का, तपासावं लागेल. बोलवा त्यांना."

शेवंता त्याला बोलवायला बाहेर आली. फाटकाबाहेर नवरा तोंडाला रुमाल बांधून मोटारसायकलवर बसला होता.

"आत कुणी ओळखलं तर पोरीचं जमलेलं लग्न मोडेल," तो म्हणाला.

"लग्नाला आपण असायला तर हवं," शेवंता म्हणाली.

त्यानं गाडी सुरू केली. शेवंता थोडा वेळ उभी राहिली, मग मागं बसली. या महिन्याची नवी बाटली आत टेबलावरच राहिली.