शेवटच्या बाकावरची चौकट

तळोद्याच्या एका महाविद्यालयासाठी नवनीतने हजेरीची नवी प्रणाली बनवली होती. वर्गातला कॅमेरा चेहरे मोजायचा आणि पडद्यावर प्रत्येक चेहऱ्याभोवती हिरवी चौकट उमटायची. बारा वाजता प्राचार्य पाहायला येणार होते. आकडा चुकला, तर त्याची सहा महिन्यांची मेहनत पाण्यात जाणार होती.

वर्गात चाळीस मुलं होती. पडद्यावर एक्केचाळीस चौकटी होत्या. जास्तीची चौकट शेवटच्या रिकाम्या बाकाच्या टोकावर होती.

"नवनीतभाऊ, तुमना कॅमेराले चष्मा लागना वाटस!" पडद्याजवळ उभ्या असलेल्या वर्गशिक्षिका मोहिनी मॅडम म्हणाल्या. मुलं खिदळली.

त्याने कॅमेऱ्याची काच पुसली, प्रणाली पुन्हा सुरू केली. चौकट जागची हलली नाही. मागच्या भिंतीवरचा डाग असेल, आपल्या पाठीने झाकावा, असा विचार करून तो स्वतःच त्या टोकाला जाऊन बसला.

बाक करकरला. मग, तो अजिबात न हलता, पुन्हा एकदा करकरला.

"आता किती, मॅडम?"

मॅडमनी पडद्यावरच्या चौकटी पुन्हा मोजल्या.

"बेचाळीस," त्या हळूच म्हणाल्या. "भाऊ, त्यानी सरकीसन तुमले जागा करी दिन्ही."