चारी चाकांना कुंकू

बेंदराच्या दिवशी सगळी वस्ती ओढ्यात बैल धूत होती, आणि सावळाराम माळ्यानं नेमका तोच दिवस धरून आपली जुनी व्हॅन ओढ्याकाठी आणली. मागं वांग्यांच्या, दोडक्यांच्या पाट्या रचलेल्या. दुसऱ्या दिवशी इंदापूरचा बाजार होता.

गुडघाभर पाण्यात झुंबरतात्या हिऱ्या-गुलब्याची पाठ घासत होते. चैतापर्यंत ही जोडी सावळारामाच्या दावणीला होती. ती तात्यांना विकून सावळारामानं लष्करानं मोडीत काढलेली एक जीप आणली. बारामतीच्या दत्तोबा लोहाराला हाताशी घेऊन उन्हाळाभर तो व्हॅनखाली उताणा पडून राहिला. जीपचं इंजिन व्हॅनच्या पोटात गेलं, जीपचे दोन्ही आस व्हॅनच्या खाली आले.

"आता पुढची चाकंबी वढणार," तो भेटेल त्याला सांगायचा. पण रस्ते कोरडे होते, तोवर ते कुणाला दिसलं नव्हतं.

अलीकडच्या काठावर त्याची बायको छबूबाई ताट घेऊन उभी होती. लग्न होऊन आल्यापासून गोठ्यात बैल नसलेला हा तिचा पहिला बेंदूर. तरी तिनं पहाटे उठून पुरण घातलं होतं. कुणासाठी, ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. व्हॅनला ती दसऱ्याला कुंकू लावायची, पण मागच्या दोनच चाकांना. "कष्ट करतंय त्याला कुंकू," म्हणायची. "पुढची दोन निस्ती वाट दावत्यात."

व्हॅन पाण्यात उतरली. मधोमध, करंजाच्या सावलीत, काळ्या चिखलाची एक जागा होती. दरसाल व्हॅन तिथंच रुतायची आणि दरसाल हिऱ्या-गुलब्याच तिला बाहेर काढायचे. आज ती तिथं येऊन थांबली. मागची चाकं गरगरली, चिखल उडाला, चाकं आणखी खाली गेली.

"रुतली! रुतली!" काठावरनं ओरडा झाला.

झुंबरतात्या खदखदून हसले. "सावळ्या, दीस तरी बगायचा लेका! आज बैलाच्या खांद्यावर जू न्हाय चढायचं. माज्या न्हाय, आन् तुज्या हिऱ्याच्याबी न्हाय."

'तुज्या हिऱ्याच्या' म्हटल्यावर छबूबाईनं मान वळवली. व्हॅनकडं बघायचं सोडून ती हिऱ्याकडं बघत राहिली. ताटातली वात विझायला आली होती. तिनं हाताचा आडोसा केला.

सावळारामानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. मिशीवर चिखलाचे शिंतोडे होते.

"रुतली न्हाय, तात्या. रुतवलीया."

"आँ? येड लागलं का?"

"दुसऱ्या कुठल्या दिवशी काढली असती तर म्हनला असता, बैलांनीच वढून काढली. आज बैल मोकळं हायती. आता बगा."

त्यानं खाली वाकून दुसरा दांडा ओढला. उन्हाळ्याआधी व्हॅनला तो दांडाच नव्हता; पुढच्या चाकांना जोर देणारा तो दांडा जीपमधून आला होता.

पुढची चाकं थरथरली. चढाला लागलेला बैल आधी मान खाली घालतो, तसं व्हॅनचं तोंड खाली गेलं. मग पुढची चाकं चिखल धरून हळूहळू वर आली आणि मागच्यांना घेऊन चालू लागली. एक वांगं पाटीतून घरंगळलं, पाण्यात पडलं, वाहत गेलं. व्हॅन पलीकडच्या काठावर चढली आणि उभी राहिली.

ओढ्यातली माणसं बैल घासायचं सोडून व्हॅनकडं वळली. बैलांच्या अंगावरनं पाणी निथळत होतं.

"आयला," झुंबरतात्या म्हणाले, "पुढनं वढती की रं!"

सावळाराम खाली उतरला. दाराला हात टेकवून, छाती काढून उभा राहिला. त्याचं लक्ष अलीकडच्या काठावर होतं.

छबूबाईनं नेसूचा ओचा वर खोचला आणि ताट सांभाळत ती पाण्यातून निघाली. पलीकडं आली. नवऱ्याकडं न बघता तिनं ओढ्याचं पाणी तांब्यात घेतलं आणि व्हॅनच्या मागच्या चाकाशी बसली. बैलाचे पाय धुताना दरसाल म्हणायची तेच ती हळू आवाजात म्हणू लागली.

*पयला पाय धुते बाई, नांगरल्या रानाचा,*
*दुसरा पाय धुते बाई, भरल्या घराचा...*

दोन चाकं धुऊन, त्यांना कुंकू लावून झालं. ती उठली, तांब्या पुन्हा भरला आणि पुढं गेली.

*तिसरा पाय धुते बाई, बाजाराच्या वाटंचा,*
*चौथा पाय धुते बाई, माज्या धन्याच्या हट्टाचा.*

शेवटची ओळ कधी कुणी ऐकलेली नव्हती. सावळारामानं तोंड फिरवून मिशी पुसली.

"अगं छबे," पाण्यातनं झुंबरतात्या ओरडले, "यंदा पुढच्यास्नीबी कुंकू?"

"त्याबी वढत्यात की आता," ती म्हणाली.

मग ताटातली पोळी हातात घेऊन ती व्हॅनसमोर उभी राहिली. तोंड कुठं, ते तिला कळेना. सावळारामानं बॉनेटवर थाप मारली. "हितं ठेव. पोट हितंच हाय."

तिनं पोळी ठेवली. पत्रा तापला होता. तूप पातळ होऊन ओघळू लागलं.

तेवढ्यात मागं पाणी खळबळलं. हिऱ्या ओढ्यातनं सरळ तिच्याकडं येत होता. ओली मान तिच्या खांद्यावरून पुढं काढून त्यानं जीभ लांब केली आणि बॉनेटवरची पोळी उचलली.

कासरा झुंबरतात्यांच्या हातात होता. त्यांनी तो सैल सोडला.