भाचीसाठी स्थळ

"मुलगा काय करतो म्हणालात?" रंगनाथनं चहाची बशी खाली ठेवत विचारलं.

घोडेगावच्या गोजरबाईला पाहुणा आल्याचा कोण आनंद झाला होता. भाचीसाठी स्थळ बघतोय, तुमच्या शेजारच्या कानिफनाथचं नाव कानावर आलं, एवढंच रंगनाथनं सांगितलं होतं.

"लई गुनाचं पोरगं. मॅट्रिक झालंय. साखर कारखान्यात कारकुनीचा अर्ज केलाय त्यानं."

"घरात काही दुखणंबिखणं?"

"थोरल्या भावाला छातीचं हुतं. आता बरा हाय."

"आणि मामा?"

"त्यो जरा तापट. मागं संपात हुता. पर तुमाला काय त्याचं? भाची पोराला द्यायची."

रंगनाथ हसला. त्याला भाची नव्हतीच.

अर्जावर माणूस खरं लिहीत नाही. सोयरिकीला आलेल्या पाहुण्यापुढं मात्र अख्खं गाव पोटातलं ओठावर आणतं. कारखान्याच्या साहेबांनी हे बरोबर हेरलं होतं. जात, गट, आजार, संप, सगळं रंगनाथ कागदावर उतरवून आणी. दुसऱ्या दिवशी साहेबांनी कानिफनाथच्या नावावर तांबड्या पेन्सिलीनं काट मारली.

रंगनाथला स्वतःची लाज वाटली. गोजरबाईनं चहात घरातली उरलीसुरली साखर घातली होती. पण तो स्वतः कारखान्यात चार वर्षं हंगामी होता. कायम करायच्या माणसांची यादी याच आठवड्यात लागायची होती. बाहेर दुष्काळ, ही नोकरी गेली तर खडी फोडायला जायचं, दुसरं काय?

"साहेब, यादीत माझं नाव आहे ना?"

"तुझंही बघतोय," साहेब मान वर न करता म्हणाले.

दिवसभर त्याचं कामात लक्ष लागलं नाही. संध्याकाळी राहात्याला घरी पोचला, तर बायको राहीबाई दारातच उभी.

"अवो, आपल्या मनकर्णाला स्थळ आलंय! आज पाव्हणे येऊन गेले. पुतन्यासाठी बघत्यात. काय गोड बोलनं!"

चप्पल काढता काढता रंगनाथ थांबला. "काय विचारलं त्यांनी?"

"समदं. तुमचं तर लईच इचारलं. म्या म्हनलं, सोयरीक करायची तर लपवाछपवी कशाला? तुमी जुन्या कारखान्यात संपात पुढं हुता, आठ दिस तुरुंगात गेल्ता, सारं सांगून टाकलं."

रंगनाथ उंबऱ्यावरच बसला.

"येवढं तासभर बसले," राहीबाई हळहळली, "पर पोरीला बघायचं राह्यलंच. हाक मारते म्हनलं, तर म्हनले, ऱ्हाऊ द्या, तिचं काय काम न्हाई."