दहा ते एक

घरात चार कॉम्प्युटर आणि राउटर जुनापुराणा. नवा घ्यायचा की नाही, इथेच महिनाभर आमचं घोडं अडलेलं. तोवर माझ्या ऑफिसच्या मीटिंगा अडकू नयेत म्हणून मी रोज दहा ते एक सासूबाईंच्या कॉम्प्युटरचं नेट राउटरवरून गुपचूप बंद करायचे. त्यांना काय, घरबसल्या चार पानं प्रुफं ऑनलाइन तपासायची. दुपारी तपासतील, अशी मनाची समजूत घालायचे.

आज एकदाचा नवा राउटर बसवायला माणूस आला. "किती कॉम्प्युटर जोडायचे?" त्यानं विचारलं.

"चार," मी म्हणाले.

 

"तीनच जोडा," सासूबाई म्हणाल्या. "मी कालच काम सोडलं. रोज दहा वाजले की माझ्याच हातून काहीतरी चुकीचं दाबलं जातं आणि नेट जातं."