कुठल्या दारात?

टांगा फाटकातून आत आला तेव्हा विजयमालेची खाट अंगणाच्या मधोमध उन्हात उभी होती. वर गुंडाळलेली गादी, तिच्यावर उशी. एका बाजूला जुनी मॉरिस मोटार विकल्यापासून रिकामे पडलेले गॅरेज. दुसऱ्या बाजूला पेरूची बाग, आणि बागेत पांढऱ्या फक्कीने आखलेला एक चौकोन.

"या, या वहिनी! तब्येत झकास दिसतेय की!" हातातला टेप गुंडाळत धाकटा दीर सयाजी पुढे आला. तो बांधकाम खात्यात ओव्हरसिअर होता. तिचे उत्तर येण्याआधीच तो भावाकडे वळला. "दादा, माझं ऐक. गॅरेजच घे. तीन भिंती तयार आहेत. पुढचा दरवाजा काढून तिथं चौथी भिंत घालू, खिडकी बसवू. पंधरवड्यात वहिनी आत."

"आणि पेट्रोलचा वास?" मानसिंग टांग्यातून उतरत म्हणाला. "छातीच्या दुखण्यातून उठलेलं माणूस आहे. मला बागेतलीच खोली पटते. चारी बाजूंनी हवा, वेगळी मोरी, पुढं छोटा व्हरांडा."

"जून तोंडावर आलाय. पत्रे कधी चढायचे तिच्यावर?"

"मग होईतोवर गॅरेज. कायमचं नको."

विजयमाला टांग्यातच बसून राहिली. मिरजेहून सांगलीपर्यंत नवरा तिच्याशी पेरूच्या कलमांविषयी बोलत आला होता. खोलीविषयी त्याने अवाक्षर काढले नव्हते. दवाखान्यातून निघताना डॉक्टर पायरीपर्यंत आले होते. "आजार संपला," मानसिंगच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले होते. "आता यांना पेशंट म्हणू नका. घरी न्या." तेव्हा मानसिंगने चांगली जोरात मान हलवली होती.

"माझी खोली आहे की," ती म्हणाली. "माजघराला लागून."

"तिथं बेबी झोपते आता," मानसिंग म्हणाला.

"बेबी माझ्याजवळच झोपायची."

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती." त्याने रुमालाने मान पुसली. "हे बघ, तुझ्यावर कुणी काही लादत नाही. म्हणून तर अजून कुदळ मारली नाही. गॅरेज की बाग, तू सांग. तुझ्या पसंतीनं होऊ दे सगळं."

दुकानात समोर दोन पातळे टाकून विचारावे तसा त्याचा सूर होता. विजयमालेची कानशिले तापली. या सगळ्यांना ऐकू जाईल, शेजारच्या बंगल्यातही ऐकू जाईल, असे ओरडावेसे तिला वाटले. पण ओरडले तर ठसका लागेल, आणि ठसका लागला की हे दोघेही, नकळत का होईना, एक पाऊल मागे सरकतील. ते तिला पाहायचे नव्हते. तिने राग दातांखाली धरला.

"बाईसाब, पेटी कुठं ठिवू?" टांगेवाल्या दिलावरने तिची ट्रंक खांद्यावर घेतली होती. "लय जड हाय. लवकर बोला."

"थांब रे जरा," मानसिंग म्हणाला. "ठरतंय."

एवढ्यात आक्काताई, तिची सासू, ताटलीत भाकरीचा तुकडा आणि हातात पाण्याचा तांब्या घेऊन घराबाहेर आली. दुखण्यातून उठून आलेल्या माणसावरून भाकरतुकडा ओवाळून टाकल्याखेरीज त्याला दार ओलांडू द्यायचे नाही, हा नेम तिने कधी चुकवला नव्हता. ती लगबगीने पायऱ्या उतरली आणि खाटेपाशी येऊन घुटमळली. तिने गॅरेजकडे पाहिले, मग बागेकडे.

"मानसिंगा, आरं, कुठल्या दारात ववाळू हिला?" ती खरोखरच अडचणीत पडली होती. "त्या चौकोनाला तर दारच न्हाई अजून."

सयाजीला हसू आले. "आई, सध्या गॅरेजपाशीच ओवाळ गं."

विजयमाला टांग्यातून उतरली. खाटेला वळसा घालून, सासूजवळून पुढे जाऊन ती घराच्या पायऱ्या चढली आणि उंबऱ्यासमोर अंगणाकडे तोंड वळवून उभी राहिली.

"आत्याबाई, इथं ओवाळा."

"आगं, पर पोर हाय आत..."

"पोर माझीच आहे."

आक्काताईने मुलाकडे पाहिले. मुलाने भावाकडे पाहिले. भाऊ टेपची गुंडाळी पुन्हा सोडू लागला.

विजयमालेने वाट पाहिली. कुणीच हलत नाही असे दिसल्यावर ती पुन्हा पायऱ्या उतरली. सासूच्या ताटलीतला तुकडा तिने उचलला, स्वतःच्याच डोक्यावरून उतरवला आणि बागेतल्या त्या पांढऱ्या चौकोनात भिरकावून दिला. मग तांब्या घेऊन स्वतःच्याच पायांवर पाणी ओतले.

"आगं बया, आपलं आपुन ववाळत्यात व्हय?" आक्काताईच्या तोंडून किंकाळीच निघाली.

"मग कुणी ओवाळायचं?"

रिकामा तांब्या तिने सासूच्या हातात परत दिला. "दिलावरभाई, पेटी आत घ्या. माजघराशेजारच्या खोलीत."

दिलावरने मालकाच्या तोंडाकडे पाहिलेसुद्धा नाही. विजयमाला त्याच्यापुढे आत गेली. ओल्या पावलांचे ठसे उंबऱ्यावरून थेट आत उमटत गेले. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज झाला. अंगणातली माणसे होती तिथेच उभी होती.

थोड्या वेळाने हातात चहाचे पातेले घेऊन ती दारात आली.

"चहा टाकतेय," ती म्हणाली. "कुणाकुणाचा टाकायचा, तेवढं तिथंच उभं राहून ठरवा."